सळई तुटेपर्यंतची रेघ

सर्वांत मजबूत धातू कोणता, हा प्रश्न शाळकरी मुलापासून घर बांधायला काढलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना पडतो. उत्तरादाखल बहुधा एक तक्ता हाती येतो. तळाशी शिसे, मग कथील, अ‍ॅल्युमिनियम, तांबे, वर पोलाद आणि टायटॅनियम. प्रत्येकापुढे एकेक आकडा. तक्ता खोटा नसतो, पण त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक आख्खी रेघ असते आणि तक्त्यात तिचा फक्त माथा उरतो. धातूची ताकद त्या माथ्यापेक्षा रेघेच्या वळणांत जास्त कळते, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. म्हणून इथे ती रेघच वाचायची आहे. बाजारात ज्याला एमएस म्हणतात त्या साध्या पोलादाची सळई ओढत ओढत तोडली, की कागदावर जो आलेख उमटतो तो. यंत्रशास्त्राने काढलेल्या रेघांमध्ये इतकी आशयाने भरलेली रेघ दुसरी नसेल.

मांडणी अगदी साधी आहे. आडव्या अक्षावर सळई किती लांबली ते, उभ्या अक्षावर तिच्यावर किती ताण आहे तो. ताण म्हणजे ओढणारे बल भागिले सळईचा छेद, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. यालाच मेगापास्कल म्हणतात. समजा, सळई २० मिमी व्यासाची आहे आणि तिच्यावर पंच मारून १०० मिमी अंतरावर दोन खुणा केल्या आहेत. आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा प्रयोग इचलकरंजीत बनलेल्या यूटीएमवर, म्हणजे धातू ओढून-दाबून तपासणाऱ्या यंत्रावर होतो. वरच्या आणि खालच्या जबड्यात सळईची टोके घट्ट धरायची, तेलाचा पंप चालू करायचा आणि काट्याकडे बघत राहायचे.

पहिला भाग म्हणजे एक उभट, सरळ रेषा. बल दुप्पट केले की लांबीतली वाढही दुप्पट होते, बल काढले की सळई मूळ मापावर येते. रॉबर्ट हुकने हा नियम १६७८ मध्ये उघड केला. त्याआधी दोन वर्षे त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून ठेवला होता. या रेषेचा चढ म्हणजे धातूचा ताठपणा. पोलादासाठी तो सुमारे दोन लाख मेगापास्कल भरतो. पहिला धक्का इथेच बसतो. खिळ्याचे मऊ पोलाद घ्या, गिअरचे कडक केलेले पोलाद घ्या किंवा पियानोची तार घ्या, चढ जवळपास तोच राहतो. साधी सळई २५० मेगापास्कलला हार मानते आणि पियानोची तार दोन हजारांच्याही पुढे जाते, पण दोघींची सुरुवात एकाच रेषेवरून होते. भट्टीत तापवून, तेलात बुडवून, ठोकून पोलादाची ताकद कितीतरी पट वाढवता येते. ताठपणा मात्र अणूंमधल्या बंधांनी ठरवलेला असतो, त्याला लोहाराचा हात पोचत नाही.

याच रेषेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अ‍ॅल्युमिनियमचा चढ सुमारे सत्तर हजार, म्हणजे पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतका. टायटॅनियमचा एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. आता हे आकडे त्या त्या धातूच्या घनतेने भागा: पोलाद ७.८५, टायटॅनियम ४.५, अ‍ॅल्युमिनियम २.७. तिन्ही उत्तरे पंचवीस-सव्वीस हजारांच्या घरात येतात, आणि मॅग्नेशियमचेही तसेच. वजनाच्या हिशेबात हे चारही धातू सारखेच ताठ आहेत. सायकलची अ‍ॅल्युमिनियमची चौकट हलकी असूनही लवत नाही, कारण तिच्या नळ्या जाड व्यासाच्या असतात. ते श्रेय आकाराचे आहे. इतके वेगळे दिसणारे चार धातू या एका भागाकारात एकत्र येतात, हे पाहिले की अजूनही अंगावर रोमांच उभे राहतात.

पण ही सरळ रेषा किती छोटी असते! २५० मेगापास्कलपर्यंत पोचेस्तोवर आपल्या १०० मिमीच्या तुकड्याची लांबी जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटर वाढलेली असते. डोळ्याला काहीही दिसत नाही. सळईवर आठ टनांचा भार आहे आणि ती जशीच्या तशी उभी आहे.

मग दात येतो. आलेखाच्या या जागेसाठी मी विद्यार्थ्यांना आवर्जून यंत्राजवळ बोलावतो. डायलवर दोन काटे असतात. एक भार दाखवत पुढे सरकतो, दुसरा लाल काटा त्याच्या धक्क्याने पुढे जातो आणि जिथवर पोचला तिथेच राहतो. पंप चालूच असतो, तेल भरतच असते, आणि एका क्षणी पहिला काटा थबकतो. थरथरतो. मग थोडा मागे येतो. कारखान्यातून आलेल्या सळईवर भट्टीतली काळी खपली असते. नेमकी त्याच वेळी ती एका ठिकाणी तडकते, बारीक कपचे गळू लागतात आणि तिथून तो तडकण्याचा पट्टा सळईभर सरकत जातो. भार वाढत नाही, लांबी मात्र वाढतच राहते. आलेखावर आधी एक छोटे टोक, मग खाली घसरण, मग जवळपास आडवी, किंचित थरथरती वाट. आतापर्यंत परत फिरता येत होते. यापुढे बल काढले तरी सळई मूळ मापावर यायची नाही; हार मानणे ते हेच.

हा दात का येतो, याचे उत्तर मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेलने हिशेब मांडला, की स्फटिकातला अणूंचा एक आख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर किती बल लागेल. उत्तर प्रत्यक्षातल्या मऊ धातूंच्या ताकदीपेक्षा शेकडो, काही वेळा हजारो पट मोठे आले. म्हणजे विचारायचा प्रश्न उलटाच होता: धातू इतके मजबूत का, यापेक्षा ते इतके दुबळे का? १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. थर एकदम सरकतच नाही. स्फटिकात अणूंच्या रांगांची मांडणी बिघडलेल्या काही रेषा असतात आणि त्या रेषा एकेक पाऊल पुढे सरकतात. मोठी जड सतरंजी फरफटत ओढण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती पलीकडे ढकलत नेली, तर सतरंजी थोड्या जोरात सरकते, तसे हे. त्या रेषा प्रत्यक्ष दिसल्या त्या १९५६ मध्ये, केंब्रिजला, अ‍ॅल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर बावीस वर्षे ती निव्वळ एक कल्पना होती आणि तिच्यावर एक आख्खे शास्त्र उभे राहिले होते.

पोलादात या रेषांभोवती कार्बन आणि नायट्रोजनचे अणू गोळा होतात आणि त्यांना जखडून ठेवतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये हे मांडले. आठ टनांशी काटा थबकतो तेव्हा काही रेषा या अणूंच्या पकडीतून सुटतात, नव्या रेषा भराभर जन्मतात, आणि मग तितके बल लागत नाही. हजारात दोन-तीन इतकाही नसलेला कार्बन, आणि त्याची सही आलेखावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

तांब्याचा आलेख पाहा, त्याला दात नाही. नरम केलेले तांबे हळूहळू वाकते, सरळ रेषा कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. म्हणून तिथे तडजोड करावी लागते: कायमची लांबी ०.२ टक्के वाढली, की हार मानली असे धरायचे. अ‍ॅल्युमिनियमचेही तेच. पण तांब्याचा आलेख पुढे चढत जातो तो लोभस असतो. लांबवताना तांबे कडक होत जाते, कारण सरकणाऱ्या रेषा एकमेकींत अडकतात, गुंता वाढतो आणि पुढच्या रेषेला वाट मिळत नाही. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घंगाळांवर होणारे मठारकाम हेच करते. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर जे चकचकीत खळगे उमटतात, ती सजावट आहेच, पण त्यानेच भांडे टणक होते आणि पातळ पत्रा आपला आकार धरून राहतो. कारागीर ठोके वाढवत नेतो, धातू हाताला ‘लागू’ लागला की भट्टीत तापवून नरम करतो आणि पुन्हा ठोकतो. आलेखाची चढती कड आणि तिथून परत मूळ जागी येणे, हे त्याच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक सांगितलेच पाहिजे, कारण त्याच्यावर तक्त्यात फार अन्याय होतो. शुद्ध, नरम अ‍ॅल्युमिनियम सुमारे ९० मेगापास्कलला तुटते. त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून, योग्य तापवून बनवलेली ७०७५ नावाची विमानांची मिश्रधातू सुमारे ५७० पर्यंत जाते, म्हणजे साध्या पोलादाच्या पुष्कळ वर. ही वाट उघडली ती आल्फ्रेड विल्मने, १९०६ मध्ये, बर्लिनजवळ. तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात थंड केले तेव्हा ते मऊच होते. काही दिवस नुसते पडून राहिल्यावर मोजले, तर ते कडक झालेले. कुणी हात न लावता. आत तांब्याचे अणू सरकून बारीक पुंजके करत होते आणि ते पुंजके रेषांची वाट अडवत होते. एकाच धातूच्या घराण्यात सहापट फरक असेल, तर ‘अ‍ॅल्युमिनियम मजबूत की पोलाद’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कोणते अ‍ॅल्युमिनियम आणि कोणते पोलाद हे विचारायलाच हवे.

आता बीड. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून जे ओतीव लोखंड बाहेर पडते, त्याचा आलेख सर्वांत आखूड. दात नाही, आडवी वाट नाही, उतार नाही. रेघ थोडी वाकते आणि संपते. त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, आणि ओढताना प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली चीर. मध्यम प्रतीचे बीड सुमारे २०० मेगापास्कलला तुटते, एमएस ४१० च्या वर. तक्ता वाचणारा म्हणेल, बीड निम्मे मजबूत. पण आलेखाखालचे क्षेत्रफळ मोजा, कारण ते क्षेत्रफळ म्हणजे धातू तुटेपर्यंत त्याने पोटात घेतलेली ऊर्जा. बीड अर्ध्या टक्क्याच्या आसपास लांबून तुटते, एमएस पंचवीस टक्के लांबते. हिशेब केला तर फरक शंभरपटीच्या पुढे जातो. म्हणून बीडाच्या तुकड्याला घणाचा एक घाव पुरतो आणि एमएसची सळई घणाखाली फक्त वाकते. याच बीडाला दाबून पाहिले, तर ते ओढण्याच्या तीन-चार पट भार सोसते, यंत्राची थरथर जिरवते. लेथचा पाया त्याचाच हवा. ज्या कामात त्याला ओढायचे नसते, तिथे त्याच्याइतका भरवशाचा सोबती मिळणे कठीण.

ओढायचे नसते, हे विसरले गेले स्कॉटलंडमध्ये. टे नदीवरचा रेल्वेपूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला आणि गाडीतले सुमारे ७५ जण गेले. एकही वाचला नाही. पुलाचे खांब बीडाचे होते. त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या घडीव लोखंडाच्या, पण त्या पट्ट्या ज्या कानांना बोल्टने जोडल्या होत्या ते कान खांबाबरोबरच ओतलेले, म्हणजे बीडाचेच. वारा आडवा लागला की सगळी ओढ त्या कानांवर. चौकशीसाठी अवशेषांतले कान आणि पट्ट्या लंडनला एका यंत्रावर ओढून पाहिल्या. कान अपेक्षेपेक्षा फारच कमी भाराला तुटले.

ते यंत्र डेव्हिड कर्कल्डीचे. या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. ग्लासगोत रॉबर्ट नेपियरच्या कारखान्यात तो नकाशे काढत असे, आणि ते इतके देखणे, की त्याने काढलेली ‘पर्शिया’ जहाजाची चित्रे लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली होती. १८५८ पासून त्याने तिथे लोखंड आणि पोलादाचे शेकडो नमुने ओढून तोडले आणि १८६२ मध्ये निष्कर्षांचे पुस्तक काढले. मग नोकरी सोडून स्वतःच्या आराखड्याचे यंत्र लीड्सला बनवून घेतले: ४७ फुटांहून लांब, ११६ टन वजनाचे, पाण्याच्या दाबावर चालणारे, दहा लाख पौंडांपर्यंत ओढणारे. १८६६ च्या पहिल्या दिवशी लंडनच्या सदर्क भागात ते कामाला लागले. पुढे ज्या इमारतीत ते गेले तिच्या दारावर त्याने कोरून घेतले: मते नव्हेत, तथ्ये. यंत्र आजही तिथेच आहे, आता संग्रहालय म्हणून.

टेच्या पुलाचा धडा आज आपल्या घराच्या स्लॅबमध्येही आहे. सळई घेताना तिच्या अंगावर ‘एफई ५००’ किंवा ‘एफई ५००डी’ असे उठवलेले असते. ५०० म्हणजे किमान ५०० मेगापास्कलला हार मानणारी. दोन्हींना ते सारखेच लागू. शेवटचा डी म्हणजे डक्टिलिटी, लांबण्याचा गुण. भारतीय मानकानुसार नुसत्या ५०० ने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबायला हवे, ५००डीने १६ टक्के. शिवाय हार मानल्यानंतरही तिची ताकद निदान दहा टक्के वाढली पाहिजे; साध्या ५००ला आठ चालतात. ही वाढ फार मोलाची. भूकंपात सळई एका जागी लांबू लागली आणि तिथे ती कडक झालीच नाही, तर सगळी लांबण त्याच जागी साचून ती तुटेल. कडक झाली तर ओढ शेजारच्या भागाकडे सरकते, आख्खी सळई कामाला लागते, आणि इमारत कलते, तडकते, पण आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ देते. दुकानात भाव विचारताना हे एक अक्षर जरूर पाहावे.

ही रेघ सगळेच सांगते, असा माझा दावा नाही. पुन्हा पुन्हा लहान भार देत राहिले तर धातू थकतो आणि हार मानण्याच्या कितीतरी आधी तुटतो. रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून व्होलरने ते एकोणिसाव्या शतकातच दाखवले. आणि थंडीत काय होते ते १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्यावर दिसले. ‘स्केनेक्टेडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभे असताना मधोमध दुभंगले. असले पोलाद आमच्या यंत्रासारख्या यंत्रावर सावकाश ओढले असते, तर ते नीट लांबलेच असते.

आता रेघेचा शेवट. सळई चढत चढत सुमारे १३ टनांशी पोचते. लाल काटा तिथे थांबतो आणि तक्त्यात जाणारा आकडा तोच. यापुढे भार दाखवणारा काटा मागे येऊ लागतो, आलेख खाली वळतो, आणि सळईवर एका जागी गळा पडू लागतो. इथपर्यंत ती सगळीकडे सारखी बारीक होत होती. आता सगळी लांबण त्या दोन-तीन सेंटिमीटरांत गोळा होते. मग दणका बसतो आणि यंत्र हादरते. तुकडे हातात घ्यावेत ते जपून, गळ्याशी ते चांगलेच तापलेले असतात. एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला तिच्यात बसणारा सुळका. मध्यभाग करडा, खरखरीत, तंतूंसारखा. कडेचा पट्टा तिरका आणि गुळगुळीत. आत सूक्ष्म पोकळ्या होऊन त्या जुळत गेल्या, म्हणून मध्य खरखरीत; शेवटचे कडे घसरून तुटले, म्हणून ते गुळगुळीत.

खाली वळणारी ती रेघ पाहून वाटते, शेवटी शेवटी धातू खचत गेला. पण ताण काढताना आपण बलाला सळईच्या मूळ छेदाने भागत आलो आहोत, आणि तो छेद आता उरलेलाच नाही. २० मिमीची सळई गळ्याशी साडेबारा मिमीच्या आसपास येते; छेद निम्म्याहूनही कमी होतो. तुटतानाच्या साडेनऊ टनांना त्या खऱ्या छेदाने भागा: उत्तर ७५० मेगापास्कलच्या घरात जाते, तक्त्यातल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. पोलाद शेवटच्या क्षणापर्यंत कडक होतच होते. फक्त छेद त्याहून वेगाने घटत होता, आणि भार उतरू लागण्याचा बिंदू नेमका कुठे येतो ते फ्रान्सच्या कॉन्सिडेअरने १८८५ मध्ये गणिताने दाखवून दिले.

कर्कल्डीने हे त्याच्याही आधी मापून ठेवले होते. १८६२ च्या त्याच्या तक्त्यांत प्रत्येक नमुन्यापुढे तुटण्याचा भार दोनदा दिलेला आहे, एकदा मूळ छेदावर आणि एकदा तुटल्यानंतरच्या छेदावर. त्याचा निष्कर्ष असा, की मूळ छेदावर मोठा आकडा येण्याची दोन कारणे असू शकतात: लोखंड उत्तम, दाट आणि बेताचे मऊ असेल, किंवा ते नुसतेच कडक आणि न लवणारे असेल. दोन्हींतले कोणते, हे तुटलेला गळा मोजल्याशिवाय ठरत नाही. हळू ओढून तोडलेले लोखंड तंतुमय दिसते आणि तेच लोखंड अचानक झटक्याने तोडले तर कणीदार दिसते, हेही त्यानेच दाखवले. तोवर कारखान्यांतले जाणते लोक नुसत्या तुटलेल्या तोंडाकडे बघून लोखंडाची प्रत ठरवत असत. म्हणून त्याच्या पुस्तकात आकड्यांच्या शेजारी भंगलेल्या टोकांची चित्रे आहेत, त्याच जहाजे रेखाटणाऱ्या हाताने काढलेली.